आखूड फळीचा धडा

सायकल आणि पोहणे या दोन विद्या एकदा अंगी आल्या की जन्मभर विसरत नाहीत, असे आपण मुलांना सांगत आलो आहोत. ते खरेच आहे. अंगात मुरलेली गोष्ट डोक्यातून गेली तरी हातापायांतून जात नाही. परंतु या गुणाला एक दुसरी बाजू आहे आणि तिचा विचार आपण सहसा करीत नाही. जे विसरत नाही, तेच बाजूला सारण्याची वेळ आली तर काय करावे? जुन्या विद्येसारखीच दिसणारी, पण आतून निराळी असलेली नवी विद्या शिकायची असते, तेव्हा हीच न विसरण्याची शक्ती वाटेत आडवी येते. कोऱ्या पाटीवर लिहिणे सोपे असते. भरलेल्या पाटीवर लिहायचे तर आधी ती पुसावी लागते, आणि पुसताना हात जड होतो. कारण तिच्यावरचे अक्षर आपलेच असते आणि ते चांगले वळणदार असते.

या महिन्यात आम्ही या गोष्टीचा विचार एका खेळाच्या आधाराने करणार आहोत. आमच्या बहुतेक वाचकांच्या घराशी त्या खेळाचा काही संबंध नसेल. तो खेळ म्हणजे सर्फिंग. समुद्रात फळी घेऊन जावयाचे, तिच्यावर पालथे पडून हातांनी पाणी मारीत लाटेच्या पुढे राहावयाचे, लाटेने उचलले की क्षणात उभे राहावयाचे आणि लाटेच्या उतारावरून घसरत किनाऱ्याकडे यावयाचे. ‘मास्तरांना या वयात हे काय सुचले?’ असे कोणी विचारील. आम्ही त्या फळीवर कधी उभे राहिलो नाही आणि आता राहणारही नाही. पण शिकणे आणि शिकविणे हा ज्याचा जन्माचा व्यवसाय, त्याला माणसे कोठेही शिकत असली तरी कुतूहल वाटतेच.

हा खेळ मूळचा पॅसिफिक महासागरातील बेटांवरचा. हवाई बेटांत तो फार जुना आहे. इंग्रज दर्यावर्दी जेम्स कुक १७७९ साली तेथे मारला गेला. त्याच्या पथकातील लेफ्टनंट जेम्स किंग याने तेथील लोकांचे लाटांवरचे खेळणे पाहून त्याचे वर्णन लिहून ठेवले आहे. त्या काळी तेथे दोन मुख्य जातींच्या फळ्या होत्या. ‘ओलो’ ही लांबलचक, जाड आणि जड. ती सरदार घराण्यांची. ‘अलाया’ ही पातळ आणि तिच्या मानाने आखूड, ती सर्वांची. होनोलुलूच्या बिशप संग्रहालयात या जुन्या फळ्या जपून ठेवलेल्या आहेत. तेव्हा लांब फळी की आखूड फळी, हा प्रश्न आजचा नव्हे.

विसाव्या शतकाच्या आरंभी हा खेळ हवाईबाहेर पसरला. त्यात ड्यूक काहानामोकू या हवाईयन जलतरणपटूचा वाटा मोठा आहे. १९१२ सालच्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये १०० मीटर पोहण्याचे सुवर्णपदक त्याने मिळविले होते. त्यानंतर १९१४-१५ च्या सुमारास तो ऑस्ट्रेलियात गेला आणि सिडनीजवळच्या फ्रेशवॉटर किनाऱ्यावर त्याने लाकडातून आपल्या हाताने फळी घडवून लाटेवर उभे राहून दाखविले. ती फळी अद्याप तेथे आहे. पुढे अखंड लाकडाच्या जागी पोकळ फळ्या आल्या, मग हलके बाल्सा लाकूड आले, फायबरग्लासचे आवरण आले आणि १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात फेसाळ प्लॅस्टिकच्या फळ्या होऊ लागल्या. फळी हलकी होत गेली, पण तिची लांबी साधारण ९ ते १० फुटांवर स्थिर राहिली. तिलाच आता लाँगबोर्ड म्हणतात.

या लांब फळीची एक स्वतंत्र कला आहे. ती पाण्यावर भरपूर तरंगते, त्यामुळे लाट नुसती फुगू लागली, अजून उभीही राहिली नाही, तोच ती पकडता येते. उभे राहण्यास उसंत मिळते. मग खरे कौशल्य दिसते. पायापुढे पाय टाकीत स्वार फळीच्या टोकापर्यंत चालत जातो आणि दोन्ही पावलांची दहाही बोटे कडेवर टेकवून तेथे उभा राहतो. वळायचे झाले तर तसाच उलट पावली मागे येतो, शेपटीवर भार देतो आणि फळीचे नाक हळूच फिरवितो. यात घाई नाही, झटापट नाही. चांगला स्वार लाटेवरून येताना पाहिला म्हणजे देवळाच्या प्रांगणातून पालखी येत असल्यासारखे वाटते.

या कलेत एक सबंध पिढी पारंगत झाली आणि नेमक्या त्याच वेळी काळ पालटला. १९६६ साली कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो येथे जागतिक स्पर्धा भरली. फळीच्या टोकावर उभे राहण्यात ज्याचा हात कोणी धरीत नसे, तो डेव्हिड नुउहिवा हा तरुण ती जिंकणार, अशी अनेकांची अटकळ होती. जिंकला ऑस्ट्रेलियाचा नॅट यंग. त्याची फळी ९ फूट ४ इंचांची, म्हणजे आजच्या मानाने लांबच. पण ती इतरांहून पातळ होती आणि तिच्या तळाला जॉर्ज ग्रीनो या कल्पक माणसाच्या धर्तीचा, माशाच्या शेपटीसारखा मागे वळलेला लवचिक पर बसविलेला होता. नॅट यंग टोकावर जाऊन थांबला नाही. तो लाटेच्या अंगावर जोराने वर-खाली वळत राहिला. पाठोपाठ बॉब मॅकटॅविश या ऑस्ट्रेलियन कारागिराने आखूड, खोल तळाच्या फळ्या घडविल्या आणि १९६७ च्या अखेरीस हवाईतील होनोलुआ उपसागरात त्याने व नॅट यंगने त्या चालवून दाखविल्या. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत फळीची लांबी १० फुटांवरून ७ फुटांवर आणि त्याही खाली आली. दुकानांतल्या लांब फळ्या विकल्या जाईनात. शॉर्टबोर्ड म्हणतात तो हाच.

वाचकहो, या घटनेकडे खेळाच्या इतिहासातील एक वळण म्हणून पाहता येईल. पण त्या पंचविशी-तिशीतल्या निष्णात स्वारांच्या जागी क्षणभर उभे राहून पाहा. दहा-बारा वर्षे ज्या कसबासाठी घातली, ज्यावर नाव मिळाले, ते कसब दोन वर्षांत जुने झाले. त्यांतील काही जण पाण्यापासून दूर झाले. काहींनी आखूड फळी उचलली आणि किनाऱ्यावरच्या पोरांदेखत आपटी खात नव्याने आरंभ केला. डेव्हिड नुउहिवा हा या दुसऱ्या वर्गातला. ज्या सॅन डिएगोत १९६६ साली जुन्या पद्धतीचा पराभव झाला, त्याच सॅन डिएगोत १९७२ साली पुन्हा जागतिक स्पर्धा झाली आणि तिच्यात त्याने दुसरा क्रमांक मिळविला. या वेळी त्याच्या पायाखाली ‘फिश’ नावाची, दुभंगलेल्या शेपटीची आखूड फळी होती. या सहा वर्षांत त्याला काय काय गिळावे लागले असेल, ते निकालपत्रकात लिहिलेले नसते.

नवी फळी शिकणे इतके अवघड का, हे थोडे समजून घेतले पाहिजे. वरवर पाहता फळी तीच, समुद्र तोच, लाट तीच. पण लांब फळीने लावलेली जवळजवळ प्रत्येक सवय आखूड फळीवर उलटते. आखूड फळी पाण्यावर कमी तरंगते. स्वार पालथा पडला की ती त्याच्यासकट अर्धवट पाण्यात राहते. साहजिकच हातांचे कष्ट वाढतात आणि गती कमी मिळते. कमी गतीमुळे नुसत्या फुगणाऱ्या लाटेवर ती चढत नाही. लाट उभी राहून फुटण्याच्या बेतात येईपर्यंत थांबावे लागते आणि तेही जेथे ती फुटते त्या जागेच्या अगदी जवळ. लांब फळीवाला सवयीने दूर, खोल पाण्यात जाऊन बसतो. आखूड फळीवर तेथे बसला तर दिवसभरात एकही लाट त्याच्या हाती लागत नाही. लाट मिळालीच तर उभे राहण्यास पूर्वीची उसंत नसते. आधी गुडघा, मग पाऊल, असा क्रम चालत नाही. एका झेपेत दोन्ही पावले जागेवर पडली पाहिजेत. आणि एकदा पडली की ती तेथेच राहिली पाहिजेत. टोकाकडे एक पाऊल पुढे टाकले, की फळीचे नाक पाण्यात घुसते आणि स्वार तिच्यापुढे जाऊन पडतो. वळायचे ते मागच्या पावलाने, परांच्या बरोबर वर भार देऊन आणि फळीची कड पाण्यात दाबून. लांब फळी स्वतःच्या वजनाने चालत राहते. आखूड फळीला मात्र स्वाराने सतत वर-खाली करीत गती द्यावी लागते. तो स्वस्थ उभा राहिला की ती मंदावते आणि बुडते.

आत जातानाही फरक आहे. समोरून फुटलेली लाट आली म्हणजे लांब फळीवाला फळीसकट उलटा होतो आणि लाट डोक्यावरून जाऊ देतो. आखूड फळीवाल्याने फळीचे नाक दोन्ही हातांनी खाली दाबून, मागचा भाग पायाने लोटून, बदकासारखी बुडी मारावयाची आणि लाटेच्या खालून पलीकडे निघावयाचे. नवशिक्याला यातले काहीच येत नसते, म्हणून जे सांगाल ते तो करतो. जाणत्याचे अंग मात्र सांगण्याची वाट न पाहता आपले जुने उत्तर देऊन मोकळे होते. त्याला प्रत्येक गोष्ट दोनदा शिकावी लागते; एकदा जुने थांबविण्यासाठी आणि एकदा नवे करण्यासाठी.

आमचा एक माजी विद्यार्थी उत्तर गोव्याच्या किनाऱ्यावर पर्यटकांना हा खेळ शिकवितो. त्याचे वडील रापणीला जात. पोरगा शाळेत यथातथाच होता, पण पाण्याशी त्याचे सख्य लहानपणापासूनचे. लांब फळीवर दहा वर्षे काढल्यावर, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्याने आखूड फळी शिकण्याचे मनावर घेतले. या लेखातील तांत्रिक गोष्टी समजावून देण्याचे श्रेय बरेचसे त्याला आहे. “सर,” तो आम्हांला म्हणाला, “पहिल्या महिन्यात मला एकसुद्धा लाट नीट मिळाली नाही. त्याहून वाईट म्हणजे माझीच शिकणारी माणसे किनाऱ्यावर उभी राहून बघत होती.”

त्याची पहिली चूक फळी निवडण्यात झाली होती. एक परदेशी प्रवासी जाताना आपली फळी स्वस्तात विकून गेला. लांबी ६ फूट, पातळ, टोकदार, दिसायला तलवारीसारखी. ‘मला इतकी वर्षे झाली, मला ही जमायला काय हरकत आहे?’ असे म्हणून याने ती घेतली. येथे फळीच्या निवडीविषयी चार शब्द लिहिणे आवश्यक आहे, कारण सगळ्या गोष्टीचे मर्म त्यात आहे.

फळी निवडताना लोक आधी लांबी पाहतात. वास्तविक लांबीइतकेच महत्त्व रुंदी आणि जाडी यांना आहे, आणि या तिहींचा हिशेब एकत्र करून फळीचे घनफळ लिटरमध्ये सांगण्याची पद्धत आता सर्वत्र रूढ झाली आहे. घनफळ जितके अधिक, तितकी ती माणसाला अधिक उचलून धरते. ९ फुटांच्या लांब फळीचे घनफळ सुमारे ६० ते ७५ लिटर भरते. ७५ किलो वजनाचा, आखूड फळीवर हात बसलेला स्वार २७ ते ३० लिटरची फळी वापरतो. या दोन आकड्यांमधले अंतर निम्म्याहून जास्त आहे. लांब फळीवरचा कितीही जाणता माणूस असो, तो एका उडीत ते ओलांडू शकत नाही. त्याने मध्ये ४० लिटरच्या आसपास थांबावे, तेथे हात बसला की ३५ कडे यावे आणि मग पुढचा विचार करावा. लांबीच्या भाषेत सांगायचे तर ९ फुटांवरून आधी साडेसात-सात, मग साडेसहा. शिवाय नाकाकडचा बाक पाहावा. फळी नाकाशी फार वर वळलेली असेल तर ती उभ्या लाटेवर चांगली, पण सपाट पाण्यात पाणी ढकलीत राहते. पहिली आखूड फळी अंमळ सपाट, छातीखाली रुंद आणि कडांना जाड असावी. दुभंगलेल्या शेपटीची ‘फिश’ या कामी बरी पडते, कारण ती आखूड असूनही रुंद असते.

हे सारे अंकगणित सहावीतल्या मुलालाही समजेल. अडचण अंकगणितात नाही. आपले आजचे वजन, आजचे दंड, आठवड्यातून किती दिवस पाण्यात जाणे होणार आणि आपल्या किनाऱ्यावर कोणत्या लाटा येतात, यांची खरी उत्तरे देण्यात आहे. दुकानात माणूस स्वतःला पाहत नाही. ज्याच्यासारखे व्हावेसे वाटते त्याला पाहतो. १९९० नंतर केली स्लेटर या अमेरिकन स्वाराने जगज्जेतेपदांची माळ लावली. १९९२ ते २०११ या काळात त्याने ती ११ वेळा मिळविली. त्याच्या आरंभीच्या काळात विजेत्यांच्या फळ्या अतिशय पातळ आणि अरुंद असत. त्या त्यांना शोभत होत्या. परंतु कचेरीत पाच दिवस बसून रविवारी समुद्रावर येणाऱ्या सामान्य माणसांनीही तशाच फळ्या घेतल्या आणि वर्षेच्या वर्षे लाटेविना काढली.

याच्या उलट उदाहरण सायमन अँडरसन या ऑस्ट्रेलियन स्वाराचे आहे. त्याच्या काळी दोन परांच्या फळीची चलती होती. मार्क रिचर्ड्‌स हा तिच्यावर उभा राहून १९७९ ते १९८२ अशी चार वर्षे ओळीने जगज्जेता झाला. सायमन अंगाने थोराड. मोठ्या लाटेवर त्याच्या भाराखाली ती फळी मागून निसटे. जगज्जेत्याची फळी आपल्याला पेलत नाही, हे त्याने मान्य केले आणि स्वतःसाठी तीन परांची फळी घडविली. १९८१ साली ऑस्ट्रेलियातील बेल्स बीचची स्पर्धा त्याने प्रचंड लाटांत तिच्यावर जिंकली. आज जगातील बहुसंख्य आखूड फळ्यांना तीन पर असतात, ते यामुळे. आपल्या देहाला काय सोसते हे त्याने प्रामाणिकपणे पाहिले, आणि त्याचा लाभ सगळ्यांना झाला.

आमच्या विद्यार्थ्याने ती तलवार महिन्याभरात विकून टाकली आणि ७ फूट २ इंचांची, ४२ लिटरची फळी आणली. ती दिसायला सुंदर नव्हती. तिच्यावर त्याला पहिल्या आठवड्यात लाट मिळाली. पुढचे आठ-नऊ महिने त्याने जे केले, ते आम्हांला त्याच्या फळीपेक्षाही महत्त्वाचे वाटते. सकाळी धंद्याला लागण्यापूर्वी तो पाऊण तास केवळ स्वतःच्या शिकण्यासाठी ठेवी. घरी जमिनीवर खडूने दोन पावलांच्या खुणा करून रोज पन्नास वेळा एका झेपेत उभे राहण्याचा सराव करी. एका दिवशी एकच गोष्ट. बसण्याची जागा, नाहीतर बुडी, नाहीतर मागच्या पावलाचा भार. सगळे एकदम सुधारण्याचा मोह त्याने टाळला. सवड मिळाली की कोकण रेल्वेने तो कर्नाटकातील मुल्कीला जाई. तेथून जवळच ससिहित्लू येथे शांभवी आणि नंदिनी या नद्या समुद्राला मिळतात आणि आपल्याकडच्यापेक्षा जरा उभ्या लाटा मिळतात. तेथे त्याच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान असलेली मुले त्याला त्याच्या चुका दाखवीत.

आम्ही त्याला विचारले, “अरे, लाज नाही वाटली?”

“वाटली ना, सर,” तो म्हणाला. “पण एक झाले. मी माझ्या माणसांना शिकवताना ‘अहो, सोपे आहे, उभे राहा’ असे म्हणायचो. आता म्हणत नाही. सोपे कुठे असते?”

हे वाक्य आम्ही आमच्या शिक्षकांच्या बैठकीत सांगितले. वीस-पंचवीस वर्षे एकच विषय शिकविलेल्या माणसाला ‘न येणे’ म्हणजे काय याचे विस्मरण होते. त्याच्या दृष्टीने अपूर्णांक सोपे, संधी सोपी, र्‍हस्व-दीर्घ सोपे. मुलाला ते का येत नाही हे त्याला कळत नाही, आणि मग तो मुलाला आळशी ठरवितो. अशा माणसाने अधूनमधून एखादी आखूड फळी हाती घ्यावी. ती समुद्रावरचीच असली पाहिजे असे नाही. रेमिंग्टन कळफलकावर बोटे बसलेल्या टंकलेखकांना संगणकावर इनस्क्रिप्ट कळफलक शिकावा लागला, तेव्हा काय झाले हे कचेरीतल्या जुन्या मंडळींना आठवत असेल. ज्याला टंकलेखन मुळीच येत नव्हते ते पोर महिन्यात पुढे गेले आणि मिनिटाला चाळीस शब्द टंकणारा गृहस्थ अक्षर शोधीत बसला. बुद्धी कमी म्हणून नव्हे. बोटे फार शिकलेली म्हणून. त्या दिवसांत त्या गृहस्थांना कोणी हसले असेल, कोणी धीर दिला असेल. धीर देणाऱ्यांच्या जवळ ते शिकले, हसणाऱ्यांच्या जवळ त्यांनी मुदतीपूर्वी निवृत्ती पत्करली. घराघरांतून आज मोबाइलवर पैसे पाठविण्यास शिकणाऱ्या आजी-आजोबांनाही हाच न्याय लागू आहे.

मात्र याचा अर्थ नवे ते सर्व चांगले आणि जुने ते टाकाऊ, असा कोणी काढू नये. आखूड फळीच्या पुरस्कर्त्यांनीही एक वेळ अतिरेक केला. १९७० साली ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा फळी जितकी आखूड तितका माणूस पुढारलेला अशी समजूत बळावली होती आणि यजमानांचे नामांकित स्वार अगदी छोट्या फळ्या घेऊन उतरले होते. अंतिम सामना जोहाना किनाऱ्यावर मोठ्या लाटांत झाला. तो जिंकला रोल्फ आर्नेस या अठरा वर्षांच्या अमेरिकन मुलाने, आणि त्याची फळी ६ फूट १० इंचांची, म्हणजे त्यांच्याहून चांगलीच लांब होती. समोरच्या लाटेला जे हवे तेवढेच त्याने घेतले होते. आणि ज्या नॅट यंगने लांब फळीची सद्दी संपविण्यास हातभार लावला, तो पुढे पुन्हा लांब फळीकडे वळला आणि १९८६ ते १९९० या काळात लांब फळीचा जगज्जेता म्हणून चार वेळा निवडला गेला. त्याने एक विद्या दुसरीसाठी मारली नाही, दोन्ही बाळगल्या.

टोकियोचे ऑलिंपिक २०२१ साली झाले, त्यात या खेळाला प्रथमच स्थान मिळाले, आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधील ही स्पर्धा ताहिती बेटावर झाली. दोन्ही ठिकाणी आखूड फळ्यांचेच राज्य होते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आशियाई स्पर्धा आपल्या महाबलीपुरमला झाली आणि तीत रमेश बुदिहाळ या भारतीय तरुणाने कांस्यपदक पटकाविले. आपली मुले आता आखूड फळीवर चमकू लागली आहेत, याचा आम्हांला आनंद आहे. तथापि पावसाळा संपल्यावर आपल्या गोव्याच्या किनाऱ्यावर ज्या सालस, बुटक्या लाटा येतात, त्यांच्यावर आखूड फळी रडकुंडीला येते आणि लांब फळी सुखाने चालते. पावसाळ्यातील उग्र समुद्रात तर कोणतीच फळी घेऊन कोणी जाऊ नये; जीवरक्षक लाल बावटा लावतात तो शोभेसाठी नव्हे.

आमच्या विद्यार्थ्याने आपली लांब फळी विकलेली नाही. आता तो साडेसहा फुटांच्या फळीवर बऱ्यापैकी वळतो. ससिहित्लूला तीच नेतो. इकडे, लहान लाटेच्या दिवशी, जुनी बाहेर काढतो. सकाळी किनाऱ्यावर गेले की आधी दहा मिनिटे वाळूत उभे राहून पाणी पाहावयाचे आणि मग कोणती फळी न्यावयाची ते ठरवावयाचे, असा त्याचा नियम झाला आहे. जुनीही वाईट नाही, नवीही थोर नाही. आज लाट कोणती आहे आणि आज आपण कोण आहोत, एवढेच त्याला पाहावयाचे असते. आमच्या शिक्षकांपैकी ज्यांची निवृत्ती दोन-तीन वर्षांवर आली आहे आणि ज्यांच्या वर्गात यंदा नवा अभ्यासक्रम व नवा फळा आला आहे, त्यांनी हा नियम आपल्या टिपणवहीत लिहून ठेवला तर आम्हांला आनंद होईल. पहिला महिना जड जाईल. त्या महिन्यात त्यांच्या शेजारी उभे राहणे हे आमच्यासारख्यांचे काम आहे.